सरळव्याजाची चुगली

रोहा,
मंगळवार, दुपारी तीन
(हाजरा शेजारी शिवणाचं माप घ्यायला गेली आहे. तासाभराची सवड आहे.)

प्रिय अर्शद यास,

अस्सलामु अलैकुम. तू, तुझी बेगम आणि दोन्ही लेकरं कुवेतच्या उन्हात आणि एसीच्या गारव्यात सुखरूप असाल अशी दुआ करतो. तुझी पाठ कशी आहे? मागे फोनवर तू गादी बदलली म्हणालास, पण आपल्या घराण्यातल्या पाठी गादीने नव्हे, सुट्टीने बऱ्या होतात असा माझा अनुभव आहे. इकडे सगळे मजेत. तुझ्या आपाचे, म्हणजे आमच्या हाजराचे, गुडघे जिना चढताना कुरकुरतात, उतरताना मात्र गप्प असतात (त्यातही खाली कुणी पाहुणी आली असेल तर आवाजही नाही). माझी साखर ताब्यात आहे, रक्तदाब ताब्यात आहे, फक्त अब्रू गेले पंधरा दिवस ताब्यात नाही. त्याचाच हा वृत्तांत.

व्हॉट्सअ‍ॅप सोडून या माणसाने कागद का घेतला, असं तू म्हणशील. आपल्या कुटुंबाच्या ग्रुपमध्ये त्रेचाळीस माणसं आहेत, आणि माझा फोन माझा आहे हे फक्त बिलावर लिहिलेलं आहे, एरवी तो आमची नात सफा हिच्या हातात असतो. मी तुला खाजगीत काही लिहावं आणि ते माझ्या मुलीच्या सासूने पेणमध्ये बसून आधी वाचावं, हा प्रकार दोनदा झालेला आहे. त्यामुळे आपल्या गल्लीतला अफान गुरुवारी तिकडे यायला निघतोय, त्याच्या सामानात हाजरा तुझ्यासाठी पेणचे पोहे, पापड आणि मसाला देणार आहे, त्या पोह्यांच्या पिशवीत अगदी तळाशी हे पाकीट खुपसतोय. पोहे भिजवण्याआधी काढ.

तुला ठाऊक आहे, मी एकतीस वर्षं कंपनीत स्टोअरकीपर होतो. तीन नटबोल्ट कमी भरले म्हणून ट्रक गेटवर उभा करणारा माणूस मी. रिटायर झालो तेव्हा जो पैसा आला तो घराच्या स्लॅबला, लेक सहरच्या बाळंतपणाला आणि किरकोळ उधाऱ्यांना गेला, हे सगळ्यांना माहीत आहे. फक्त एक लाख वीस हजार कुठे गेले ते कुणाला माहीत नव्हतं. हाजराने विचारलं तेव्हा मी म्हणालो, 'ते कापले गेले.' यात खोटं काही नाही. कुणी कापले हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मीच कापले होते.

का कापले, ते आता सांगतो. हे तुझ्या-माझ्यात आहे. तुझ्या लग्नात, भर सप्टेंबरच्या पावसात, तुमच्या मावशी, खाला, मक्केहून उमराची यात्रा करून नुकत्या आल्या होत्या आणि छोट्या छोट्या बाटल्यांतून सगळ्यांना तिथल्या झमझम विहिरीचं पाणी देत होत्या. हाजराने तो घोट घेतला, बाटलीचं झाकण लावलं आणि बाजूच्या बाईला म्हणाली, 'एकदा तिथं जाऊन पियाचा हाय, गो. बाटलीतून नको.' मी मागेच उभा होतो. हातात तुला द्यायचा हॉटपॉट होता. ती कधी काही मागत नाही, भांडते पुष्कळ पण मागत नाही, त्यामुळे ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही. दोनच दिवसांनी मी बाजारपेठेतल्या सहकारी बँकेत सात वर्षांची ठेव ठेवली. त्या वेळी दोन माणसांचा उमराचा खर्च एक लाख वीस हजार होता. मी हिशोब नीटच केला होता.

आता ठेव म्हटली की व्याज आलं, आणि व्याज आपण खात नाही. पण बँकेकडे ते तसंच सोडायचंही नाही, असं आपल्याकडे मोठी माणसं सांगत आली: उचलायचं, सवाबाची, पुण्याची आशा न धरता लोकांच्या उपयोगाच्या अशा ठिकाणी लावायचं, की तिथे आपल्या नावाची पाटी लावायचा मोह कुणाला होणार नाही. त्यामुळे आपल्या गल्लीच्या व्याजातून आजवर गटारं झाली, गटारांवरची झाकणं झाली. मी तर ठेव ठेवतानाच बँकेतल्या सुशीलला सांगितलं की व्याज मुद्दलात अजिबात मिसळायचं नाही, दर महिन्याला वेगळ्या चालू खात्यात टाकायचं, म्हणजे व्याजावर पुन्हा व्याज चढणार नाही. तो म्हणाला, 'चाचा, चक्रवाढ घ्या, फायदा हाय.' मी म्हटलं, 'फायदा नको म्हणूनच सांगतोय.' पोराने फॉर्मवरची खूण खोडून दुसरीकडे केली. सात टक्क्यांनी महिन्याला सातशे रुपये, ना एक रुपया कमी ना जास्त, त्या खात्यात साचत गेले. मी परहेज केला तो हा असा. आणि याच परहेजाने माझा घात केला. चक्रवाढ घेतलं असतं तर सफाला ते गणित आठवीत आलं असतं आणि मी निदान एक वर्ष उशिरा पकडला गेलो असतो.

झालं असं. मासळी बाजाराच्या कडेला बायकांसाठी संडास-बाथरूमच्या चार भिंती कधीपासून उभ्या आहेत. दार नाही, पाणी नाही, लाद्या नाहीत. सकाळी पाचला खाडीकडून टोपल्या घेऊन आलेल्या बायका दुपारी दोनपर्यंत तिथे बसतात, त्यांचे हाल कुणी बोलत नाही. शेवटी आपली सगुणा (तीच, जिच्याकडून आपण सुरमई घेतो आणि जी तुला 'कुवेतवाला भाव' लावते) सरळ मशिदीशेजारच्या आमच्या जमातीच्या ऑफिसात आली आणि म्हणाली, तुमच्याकडं कसलं तरी पैसं असतात म्हणं, ते लावा. आमच्या खजिनदारांनी, दाऊदभाईंनी, तिला जरा चाचरत समजावलं की ते व्याजाचे पैसे असतात, आम्ही ते स्वतःला वापरत नाही वगैरे. ती म्हणाली, 'पैसं कंचंबी असूदे चाचा, दाराला आतून कडी लावा म्हंजे झालं.' याच्यापुढे ठराव, चर्चा काही उरलं नाही. ज्याच्याकडे व्याज साचलं असेल त्याने आणून द्यावं असं शुक्रवारी जाहीर झालं.

मी दुसऱ्याच दिवशी बँकेत गेलो आणि चालू खातं रिकामं केलं. चव्वेचाळीस हजार आठशे रुपये. आता इथे माझी चूक बघ. पंचेचाळीस हजार दिले असते तर काही झालं नसतं, चाळीस दिले असते तरी नाही. पण वरचे दोनशे घातले तर मी न मिळालेलं व्याज मिरवल्यासारखं, आणि आठशे मागे ठेवले तर ते माझ्या घरात राहिले. एकतीस वर्षं नटबोल्ट मोजलेल्या माणसाला गोल आकडा देता येत नाही. मी पूर्ण रक्कम मोजून दिली आणि हलक्या मनाने वडापाव खाऊन घरी आलो.

दाऊदभाई प्रामाणिक गृहस्थ आहेत, एवढाच त्यांच्यात दोष आहे. पैशाचा कारभार उघडा असावा म्हणून त्यांनी ऑफिसबाहेरच्या फळ्यावर नावं आणि रकमा खडूने लिहून काढल्या. सुंदर अक्षरात. दुपारी झुहरच्या नमाजाला येणारा प्रत्येक जण तो फळा वाचत होता आणि वाचता वाचता त्याचे ओठ हलत होते, कारण अर्शद, बहुतेकांचं व्याज एकाच वर्षाचं होतं, आणि मग व्याज कळलं आणि दर कळला की मुद्दल काढायला अक्कल लागत नाही. बँकेच्या दारावर सात टक्के लिहिलेलंच आहे. पुढच्या, असरच्या नमाजापर्यंत अख्ख्या गल्लीला अख्ख्या गल्लीची ठेव माहीत झाली होती. आमच्याकडचा पेपर रोज वाचायला नेऊन त्यातली पुरवणी घरी ठेवून घेणारे इस्माईलचाचा, ज्यांना आपण ईदला आवर्जून शिरखुर्म्याचा डबा पाठवतो कारण बिचारे एकटे, त्यांचं एका वर्षाचं व्याज निघालं त्रेसष्ट हजार. म्हणजे नऊ लाख! आणि ते तुमचे गल्फचे शेठ, जे दर सुट्टीत सोनेरी पेनाने नाक्यावर सह्या करतात, त्यांच्या नावापुढे तीनशे पंधरा. लोकांनी दोनदा हिशोब केला. साडेचार हजारच येत होते. त्या संध्याकाळी इस्माईलचाचांकडे तीन माणसं उसने मागायला गेली आणि शेठना दोघांनी न मागता चहा पाजला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. दाऊदभाईंना चूक कळली तेव्हा ते ओलं फडकं घेऊन धावले. पण तोवर फळ्याचा फोटो निघाला होता, आणि फोटो काढणारी आमची सफा होती.

सफा सातवीत आहे. तिच्या वर्गात नेमकं सरळव्याज चालू आहे, आणि त्यांच्या नूतनबाईंनी सांगितलं होतं की पुस्तकातली गणितं पुरे झाली, आजूबाजूची खरी उदाहरणं आणा. आमच्या नातीने एकदम अकरा घरांची आणली. (बाईंनी तिला उभं करून शाबासकी दिली आणि वहीची ती पानं स्टेपलरने बंद केली असं ऐकतो. समजूतदार बाई आहेत.) पण बारावं उदाहरण शाळेत गेलंच नव्हतं. ते तिच्या दादीने तिला घरी घातलं.

रात्रीचं जेवण झालं होतं. मी सुपारी कातरत होतो. हाजरा ओट्यापाशी पाठमोरी भांडी पुसत होती आणि पुसता पुसता म्हणाली, 'सफा, गो, लिही. मुद्दल एक लाख वीस हजार. दर सात. व्याज चव्वेचाळीस हजार आठशे. मुदत काढ.' माझी सुपारी अडकित्त्यातच राहिली. मी म्हटलं, अगं पोरीला झोपू दे, सकाळी शाळा आहे. पोरगी कसली झोपते! व्याज गुणिले शंभर, भागिले मुद्दल गुणिले दर, शून्यं काटली, चारशे अठ्ठेचाळीस भागिले चौऱ्याऐंशी, पाच वेळा गेला, बाकी अठ्ठावीस. मला वाटलं आता अडेल. छे. 'दादी, पाच पूर्णांक एक तृतीयांश. म्हणजे पाच वर्षं चार महिने.' हाजराने फडकं वाळत टाकलं आणि बोटांवर मागे मोजत गेली, जानेवारी, डिसेंबर, नोव्हेंबर असं करत, आणि सप्टेंबरवर येऊन थांबली. ज्या सप्टेंबरात मी रिटायर झालो. ज्या सप्टेंबरात तुझं लग्न झालं.

बरं, उत्तर वेडंवाकडं आलं असतं, पाच वर्षं तीन महिने सतरा दिवस वगैरे, तर मी काही तरी बोललो असतो. पण इतका स्वच्छ भाग गेल्यावर माणसाने काय बोलावं? ती म्हणाली, 'कापलं गेलं म्हणालात ते हेच काय? माझ्या भावाच्या लग्नात हॉटपॉट दिलात. एकच. झाकणाला चीर गेलेला. आन् बँकेत लाख वीस हजार?' चीर गेलेली नव्हती, ती डिझाइन होती, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. (या मुद्द्यावर खाली ताजा कलम पाहा.) दर सात टक्के हे सफाला न विचारता तिला कुठून माहीत, ती तर बँकेच्या वाटेने जात नाही, हा प्रश्न मला त्या वेळी पडायला हवा होता. पण पकडलेल्या माणसाला दुसऱ्याचे खिसे तपासायचं सुचत नाही.

तिने एकच प्रश्न विचारला, पैसे कशासाठी. आणि तेच मला सांगायचं नव्हतं. साडेपाच वर्षं जपलेली गोष्ट एका फडक्याच्या धाकाने ओकून टाकायची म्हणजे काय? मी म्हटलं, मुदत संपली की सांगेन, आणखी वीस महिने थांब. ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने पेणला गेली, रामवाडीला, सहरकडे.

जाताना ती जीपचं नाव घेऊन गेली, हे तुला सांगायला हवं. बारा वर्षांपूर्वी मी कोलाडहून एक जुनी जीप घेतली होती. ती घरापर्यंत नीट आली आणि मग पुढे कुठेच गेली नाही. तिच्या मागच्या सीटवर आपल्या कोंबडीने अंडी घातली, पिल्लं काढली आणि त्या पिल्लांनीही तिथेच अंडी घातली, तेव्हा हाजराने ती भंगारात घातली. तेव्हापासून माझ्याजवळ चार पैसे दिसले की तिच्या डोळ्यांसमोर जीप उभी राहते. आताही तिने गल्लीत सांगून टाकलं की यांनी दुसरी जीप ठरवलीय. मला तीन जणांनी मॉडेल विचारलं.

चार दिवस मी एकटा होतो, सफाही तिच्या आईबापाकडे गेली. पहिल्या दिवशी भात केला, दुसऱ्या दिवशी तोच भात पुन्हा केला. तिसऱ्या दिवशी डोक्यात आलं की ठेव मोडावी, दोन तिकिटं आणून तिच्या हातावर ठेवावीत आणि विषय संपवावा. बँकेत गेलो तर सुशील म्हणाला, 'मुदतीआधी मोडलीत तर एक टक्का कमी धरणार चाचा. जास्तीचं व्याज दिलंय ते मुद्दलातून परत घेणार. सहा हजार चारशे.' म्हणजे बघ, जे व्याज मी घेतलंच नाही, ज्याच्या लाद्या मासळी बाजारात बसल्या, ते बँक माझ्या घामाच्या पैशातून कापणार! एवढं सांगून तो हसून म्हणाला, 'मोडू नका. मागल्या आठवड्यात चाचीपन तेच—' आणि मग एकदम त्याला खोकला आला. बराच वेळ आला. मला वाटलं, पोराची छाती भरलीय.

पण खरी अडचण सहा हजार चारशेची नाहीच. मी तिथून उठून यात्रेच्या एजंटकडे गेलो, भाव विचारला, आणि परत येताना नदीच्या पुलावर बराच वेळ उभा राहिलो. आता एका माणसाचे एक लाख पाच हजार. दोघांचे दोन लाख दहा. माझं मुद्दल ठेवलं तिथेच, एक लाख वीस, आणि भाव साडेपाच वर्षांत पुढे निघून गेला. नव्वद हजार कमी पडतात. व्याज घेतलं असतं तरी पुरलं नसतं, आणि ते घेऊन मी तिला तिथे नेणार होतो काय? तेव्हा त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते एवढंच, की पेन्शनीतून नव्वद हजार उरवायला मला आणखी चार-पाच वर्षं लागतील, आणि तिचे गुडघे माझ्या हिशोबाने चालत नाहीत. तिला एकटीला पाठवता येईल, पैसे आजच आहेत. पण मला तिच्याबरोबर जायचंय, अर्शद. ती तो घोट घेईल तेव्हा मला शेजारी उभं राहायचंय. या वयात हे लिहिताना जरा लाजल्यासारखं होतं, पण तू लांब आहेस.

चौथ्या दिवशी मी पेणची एसटी पकडली. गडबच्या पुढे गाडीचा टायर बसला आणि तास गेला, तेवढ्यात मी रस्त्याकडेच्या दुकानातून हाजराला आवडतात म्हणून कलिंगडाच्या दोन मोठ्या फाका घेतल्या आणि मग त्या कुठे ठेवाव्यात हे न कळल्यामुळे उभ्याउभ्या खाल्ल्या. रामवाडीला पोचलो तेव्हा हात रिकामे आणि सदरा लाल. सहर आईच्या बाजूची. तिने दार उघडलं, पाणी दिलं आणि साक्षीदारासारखी भिंतीला टेकून उभी राहिली.

हाजरा म्हणाली, 'कशासाठी ते नका सांगू. येवढंच सांगा, जीप नाय ना?' मी शपथेवर सांगितलं, जीप नाही. 'चार चाकं?' नाही. 'मग रिक्षा? तीन?' नाही. 'फटफटी?' नाही गं बाई. 'मंग चाकं नायतच म्हणा.' आणि इथे अर्शद, मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण विमानाला चाकं असतात. पुढे असतात, मागे असतात, मी टीव्हीवर पाहिलेली आहेत. शपथेवर 'चाकं नाहीत' कसं म्हणू? सहरने कपाळावर हात मारला. हाजरा उठून आत गेली आणि आतून म्हणाली, 'किती चाकांचा हाय तेवढा तरी विचार त्यांना. ट्रक घेतलान् वाटतं!'

मी हात हलवत परत आलो. आता ती कशी आली ते ऐक, कारण त्यात माझं कर्तृत्व काही नाही. तोवर मासळी बाजारातलं काम पुरं झालं होतं. तीन दारं, पाण्याची टाकी, लाद्या, दिवा. उद्घाटनाला कुणाला बोलवायचं यावर जमातीत दोन तट पडले, कारण व्याजाच्या पैशाच्या वास्तूला फीत कापणं शोभतं का, असा प्रश्न निघाला. तो प्रश्न सगुणाने निकालात काढला. तिने परस्पर हाजराला फोन लावला, 'भाभी, तू ये गो. पयली तू जा आत, आन् कडी लावून बघ. मर्दांना काय कळतं त्यातलं?' हाजरा सकाळच्या पहिल्या गाडीने आली. मासळीवाल्या बायकांनी तिला मधे घेतलं, कुणी तरी अबोलीचा गजरा तिच्या हातात दिला, आणि ती आत गेली. आतून कडी लागल्याचा खट्ट आवाज आला. बाहेर पन्नास बायकांनी एकदम असा जल्लोष केला की नाक्यावरच्या रिक्षा थांबल्या. कडी काढून ती बाहेर आली तेव्हा हसत होती. गर्दीत मी दिसलो तशी हसू आवरायला गेली, पण आवरलं नाही.

मग आम्ही दोघं चालत घरी आलो. सगुणाने तिच्या पिशवीत पापलेटांची जोडी कोंबली होती, पैसे घेतले नाहीत. वाटेत हाजरा म्हणाली, चव्वेचाळीस हजार आठशे चांगल्या ठिकाणी लागले. मी म्हटलं, होय. ती म्हणाली, बाकीचं वीस महिन्यांनी बघते तुमच्याकडे. एवढ्यावर तह झाला आहे. कालवण फार सुंदर झालं होतं.

असो. तुझ्या बेगमेला माझा सलाम, लेकरांना प्यार. पाठ सांभाळ, जड उचलू नकोस. आईंच्या कबरीवर मी गेल्या जुम्म्याला जाऊन आलो, कडेचं गवत काढलं आहे.

तुझा दुल्हाभाई,
खलील

ता. क. १: हॉटपॉट अजून तुमच्याकडे असेल तर त्याच्या झाकणाचा फोटो ग्रुपवर टाक, उजेडात काढलेला, म्हणजे ते डिझाइन आहे हे त्रेचाळीस माणसांना एकदम कळेल. नसेल तर काही टाकू नकोस.

ता. क. २: आता पत्राचं खरं काम. सफाच्या फोटोतला फळा काल मी भिंग घेऊन पुन्हा वाचला. सगळ्यात खाली, अगदी बारीक अक्षरात, एक ओळ आहे: 'एक बहीण, रु. १२,६००'. नाव नाही. दाऊदभाईंना विचारलं तर ते आकाशाकडे बघू लागले. मग मला एकेक आठवायला लागलं. दर सात हे हाजराला तोंडपाठ. सुशीलचा खोकला. आणि भांडताना तिचा एवढा मोठा आवाज, जो मी गेल्या चाळीस वर्षांत फक्त तीच काही लपवत असताना ऐकलाय. व्याज माहीत, दर माहीत. मुद्दल आणि मुदत मात्र दोन्ही माहीत नाहीत, आणि एका गणितात दोन गोष्टी अज्ञात असल्या की सफाही हात टेकते. तेव्हा तू दर ईदला बहिणीला जे पाठवतोस ते किती आणि कधीपासून, एवढं गुपचूप कळव. दोनातली एक दे. दुसरी मी काढतो.

ता. क. ३: पोहे जाड आहेत, जास्त भिजवू नकोस.

ता. क. ४ (हे अक्षर तुझ्या आपाचं): अर्शद, पोहे चाळल्याबिगर मी कुणाला देत नाय, हे यांना एवढी वर्सं झाली तरी ठाऊक नाय. पाकीट सापडलं, वाचलं, दोन वेळा वाचलं. तू यांना काय्येक कळवू नकोस. मुद्दल नव्वद हजार, ठेवून दोन वर्सं झाली. तुझी ईदी आन् माझं शिवण. मी ते यांच्यासाठी जीपला ठेवलं होतं, चांगल्या चालणाऱ्या. आता जीप नको. यांचा एक लाख वीस आन् माझं नव्वद, किती होतात ते तूच कर. यांची ठेव मोडायची नाय, वीस महिन्यांनी दोघांची मुदत एकदमच संपते, तवा तू आमच्या पुढं तिथं येऊन थांब. भाव वाढला तर वरचं मी शिवीन. त्या दिवशी चाकांवर का अडखळलं ते आज कळलं, आन् चुलीपाशी बसून मी एकटीच हसले, मग रडले. पाकीट पुन्हा चिकटवलंय. आणि झाकणाला चीर होतीच.